अहिरे सिस्टरांचा पडदा

"पडदा!"

आमच्या हॉस्पिटलात हा शब्द कानावर पडला की निम्मी माणसं आपोआप भिंतीकडे तोंड करतात. नवा माणूस असेल तर बिचारा खिडक्यांचे पडदे ओढायला धावतो. जुन्यांना माहीत असतं, की अहिरे सिस्टर कॉम्प्युटरपाशी बसल्या आहेत आणि आपण जरा जास्तच जवळ गेलो आहोत. पडदा म्हणजे मागं फिरा. स्क्रीनवर एका पेशंटचं रेकॉर्ड उघडं आहे आणि त्याच्याशी तुमचा काडीचाही संबंध नाही.

आता गंमत बघा. मी या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाचा प्रमुख. पेशंटचं नाव नोंदवल्यापासून तो घरी जाईपर्यंत जे काही लिहिलं जातं, त्या सगळ्याचा राखणदार मी. पण बायकांच्या वॉर्डात गेलो की मलाही भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं. त्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र लावलंय. ते मला इतकं पाठ झालंय की घरी जेवायला बसण्याआधी मी हात धुतो तेव्हा बायको विचारते, ऑपरेशनला निघालात का?

"अहो सिस्टर, मी रेकॉर्डवाला आहे," पहिल्यांदा मी जरा तोऱ्यातच म्हणालो होतो.

"मग रेकॉर्डमध्ये जाऊन बसा. हा वॉर्ड आहे."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'ओ रेकॉर्डवाले' झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. बहुतेक तेही त्या खासगी बाब समजत असाव्यात.

अंगानं ठेंगण्या, चालणं तुरुतुरु, चष्मा गळ्यात दोरीला बांधलेला, आणि युनिफॉर्मची इस्त्री अशी कडक की बसताना कापड कुरकुरतं. मूळच्या सटाण्याकडच्या. नोकरीची सगळी वर्षं नाशकात गेली, त्यामुळे बोलणं शहरी. पण पारा चढला की आतली अहिराणी बाहेर येते. कोणी नको तिथं डोकावलं, की चष्म्यावरून बघत त्या म्हणतात, "तुले काय करनं शे?" तुला काय करायचंय, एवढंच; पण त्या चार शब्दांत त्यांनी मोठमोठ्या डॉक्टरांची पावलं वळवलेली मी पाहिली आहेत.

आमचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं. मोठी इमारत नाशकात, लासलगावला एक छोटा दवाखाना, आणि सटाण्याला डायलिसिसचं सेंटर. पूर्वी तिन्हीकडे कागदाच्या फायली होत्या आणि त्या फायलींना पाय होते. पेशंट इथं, फाईल तिथं, आणि नातेवाईक माझ्या डोक्यावर. मग तिन्ही ठिकाणचं मिळून कॉम्प्युटरवर एकच रेकॉर्ड आलं. आता बाजार समितीत कांद्याची गोणी उचलताना एखाद्या हमालाला चक्कर आली आणि लासलगावच्या डॉक्टरनं त्याचं बीपी लिहिलं, की ॲम्ब्युलन्स निघायच्या आत ते इथल्या डॉक्टरला दिसतं. सोय मोठी, यात वाद नाही. पण जे एकाला दिसतं ते सगळ्यांना दिसतं. आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे झाकण उचलून बघायची हौस आपल्या लोकांना किती, हे मी तुम्हाला सांगायला नको.

नियम होता, की ज्याच्यावर तुम्ही उपचार करताय त्याचंच रेकॉर्ड उघडायचं. नियम भिंतीवर लावला होता आणि भिंतीवरच राहिला होता. सकाळी जी सिस्टर पहिल्यांदा पासवर्ड टाकेल, तिच्याच नावावर संध्याकाळपर्यंत अख्खा वॉर्ड काम करायचा. एकदा आमचे एक डॉक्टर बायकोमुलांना घेऊन गोव्याला गेले होते, आणि रेकॉर्डप्रमाणे त्या आठवड्यात त्यांनी नाशकात सलाईनं लावली, टाके काढले आणि एका आजीबाईंना एनिमासुद्धा दिला. परत आल्यावर त्यांना कळेना, की आपण विश्रांती घेतली की नाही.

अहिरे सिस्टरांनी हा कारभार एकटीनं मोडून काढला. त्यांच्या वॉर्डात खुर्चीतून उठायचं तर आधी लॉगआउट करायचं. पाणी प्यायला उठलात, लॉगआउट. शिंक आली म्हणून तोंड फिरवलंत, तरी त्या विचारणार, बंद केलंत का? हाडांचे एक डॉक्टर मोठ्या कष्टानं एका बोटानं लांबलचक नोंद टाईप करून हात धुवायला गेले. सेव्ह केली नव्हती. परत येईतो सिस्टरांनी स्क्रीन बंद करून टाकलेली. डॉक्टर अक्षरशः नाचले.

"घराला कुलूप न लावता बाहेर पडलात ना?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "मग आता चोरी झाली म्हणून बोंबलायचं नाही."

एवढ्यावर त्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांनी खराखुरा पडदा शिवून आणला. ऑपरेशन थिएटरमधल्या जुन्या हिरव्या चादरीचा, वर तार ओवलेला. तो त्यांनी कॉम्प्युटरच्या टेबलाभोवती टांगला. काही लिहायचं असलं की त्या डोकं आत घालतात आणि पडदा पाठीवर ओढून घेतात. बाहेरून फक्त कडक इस्त्रीची पाठ दिसते आणि आतून की-बोर्डची टकटक ऐकू येते. आमच्या प्रशासक सरदेसाई मॅडमनी पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं, तेव्हा त्यांना वाटलं सिस्टर वाफ घेताहेत.

एकदा त्यांना स्वतःचाच पासवर्ड आठवेना. दर सोमवारी बदलायच्या, मग व्हायचं तेच झालं. माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, नवा देतो, फक्त ओळख पटवण्यासाठी एक प्रश्न विचारावा लागेल. तुमचा जन्म कोणत्या गावी झाला?

"तुम्हाला कशाला हवं?"

"मला नको हो, कॉम्प्युटरला हवंय."

"त्याला तरी कशाला हवं?"

शेवटी मी तोंड फिरवलं आणि त्यांनी स्वतः टाईप केलं. टाईप करून झाल्यावर पुसूनही टाकलं. पुन्हा टाईप करायला लावलं तेव्हा माझ्याकडे असं बघितलं, की मीच चोर.

त्यांचं एक वाक्य नव्या मुलींना पहिल्याच दिवशी पाठ करावं लागतं: "कोणाचं दुखणं, कोणाच्या तोंडी?" पेशंटला त्याची स्वतःची साखर किती हे सांगायचं असलं तरी सिस्टर भोवतीचं सगळं गणगोत आधी बाहेर काढतात. एकदा एका नगरसेवकाच्या सासूबाई ॲडमिट होत्या. त्याचे कार्यकर्ते पेढे, फुलं, फोटोग्राफर घेऊन दारात हजर. सासूबाई कुठल्या खाटेवर आहेत, तब्येत कशी आहे, सगळं एका दमात विचारलं.

"या नावाचं इथं कोणी नाही," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, त्या काय बसल्यात! हात करताहेत!"

सिस्टरांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "करू देत. मी कोणाचं नाव सांगितलेलं नाही."

नगरसेवकानं सरदेसाई मॅडमना फोन केला, मॅडमनी मला केला, मी सिस्टरांना केला. सिस्टर म्हणाल्या, कोणत्या पेशंटबद्दल विचारताय ते फोनवर बोलू नका.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. बाईला सवय आहे, चालायचंच. पण त्यांच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं, हे खरं. पंचवटीत एका खोलीत एकट्या राहतात, लग्न केलेलं नाही, बाजारातून मेथीची जुडी घेताना कधीतरी दिसतात. बस्स. डब्यात काय आणलंय हेसुद्धा झाकण अर्धवट उघडून खातात. सणाची ड्युटी मात्र मागून घ्यायच्या. दिवाळी त्यांची, संक्रांत त्यांची, आणि आखाजी तर ठरलेलीच त्यांची. आपल्या बागलाण-खानदेशाकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात, हे ठाऊक असेल तुम्हाला. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरस-पुरणपोळीची जेवणं होतात. तिकडच्या सगळ्या मुली महिनाभर आधी रजेसाठी रांग लावायच्या. अहिरे सिस्टर म्हणायच्या, "जा गं सगळ्या. मी आहे." आणि आम्ही त्यांना धन्यवाद देऊन मोकळे व्हायचो.

आता दुसरी एक गोष्ट सांगतो, तिचा संबंध पुढं येईल. सटाण्याच्या सेंटरवर बागूल नावाचा टेक्निशियन आहे. मशीनवर पेशंट घ्यायचा, वजन-बीपी लिहायचं, हे त्याचं काम. माणूस कामाला चोख. पण आमच्या रेकॉर्डमध्ये एक रकाना असतो, 'पेशंटचं म्हणणं'. पाय सुजलेत, धाप लागते, असं पेशंट जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत तिथं लिहायचं. तर एका पेशंटच्या या रकान्यात बागूल काय लिहायचा बघा. 'कांदा चाळीत भरला.' 'शेवग्याला शेंगा लागल्या, पण मोडायला कोणी नाही.' 'भाकरी दीड खाल्ली, भात नाही.' 'वजन वाढलं ते पाण्यानं नाही, भाचीच्या लग्नात जेवलो म्हणून. ओरडू नये.' आणि सगळ्यात कहर म्हणजे, 'आंब्याचा फक्त वास घेतला.' त्याच दिवशीच्या तपासणीत पोटॅशियम असं वर गेलेलं, की वास घेणाऱ्यानं कोयसुद्धा सोडली नसावी.

मी बागूलला फोनवर झापलं. म्हटलं, हे वैद्यकीय रेकॉर्ड आहे की गावकीचा फलक?

"साहेब," तो म्हणाला, "पेशंट म्हणेल तेच लिहायचं, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवलं होतं. मी फोन ठेवला.

मग सरदेसाई मॅडमच्या मनात आलं, की तिन्ही शाखांत कोण कोणाचं रेकॉर्ड उघडून बघतं याची एकदा झाडाझडती घ्यायची. कॉम्प्युटर हे सगळं टिपून ठेवतो. कोणी उघडलं, केव्हा उघडलं, सगळं. मी यादी काढायला बसलो आणि मनात म्हटलं, आता सापडतील एकेक महाभाग. निघालेही थोडे. कोणी शेजारणीचं बाळंतपण बघितलेलं, कोणी होणाऱ्या व्याह्यांचं बीपी. पण सगळ्यांच्या वर, दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी न चुकता, एकाच पेशंटचं रेकॉर्ड उघडणारं एक नाव होतं.

मंदाकिनी अहिरे.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पेशंट कोण? सटाण्याचे दौलत अहिरे. डायलिसिसवर. आमच्या वॉर्डात कधी पायही ठेवलेला नाही. ठेवतील कसा, वॉर्ड बायकांचा! म्हणजे त्या पडद्याआड बाई हे करत होत्या? मला हसूही आलं आणि कसंसंच वाटलं. देवळाच्या पुजाऱ्यानंच नैवेद्य खाल्ल्यासारखं झालं हे.

मॅडमच्या केबिनमध्ये सिस्टरांना बोलावलं. त्या ताठ बसल्या, हात मांडीवर.

"हे रेकॉर्ड तुम्ही उघडलंत?" मॅडमनी विचारलं.

"उघडलं."

"तुमच्या वॉर्डाचा हा पेशंट नाही."

"नाही."

"मग कशासाठी उघडलंत?"

"ते सांगता येणार नाही. पेशंटची खासगी बाब आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मी मध्ये पडलो. "सिस्टर, आडनाव एकच आहे. तुमचे कोणी नातेवाईक आहेत का? तसं असेल तर सांगून टाका, काहीतरी मार्ग काढू."

"सटाण्यात अहिरे काय कमी आहेत?" त्या म्हणाल्या. हेही खरंच. तिकडच्या बाजारात 'अहो अहिरे' म्हणून हाक मारली तर भाजीवाल्यासकट सगळे वळतील. "आणि पेशंटचा कोण नातेवाईक, हेही रेकॉर्डातच येतं. मी ते कसं सांगू? नियम मोडला तो मी मोडला. शिक्षा लिहा."

म्हणजे बघा, नोकरी वाचवायला एक वाक्य पुरलं असतं, पण ते वाक्यही बाईंच्या हिशेबानं गोपनीय! मला मनापासून राग आला. इतका तत्त्वाचा ताठा काय कामाचा?

नियमाप्रमाणे पुढची पायरी अशी होती, की ज्याचं रेकॉर्ड चोरून बघितलं गेलं त्या पेशंटला ते कळवायचं. त्यानं तक्रार दिली तर सिस्टरांची नोकरी जाणार, आणि तीही निवृत्ती तोंडावर आलेली असताना. मॅडमनी हे सगळं समजावून सांगितलं. नोकरीचं ऐकून सिस्टर हलल्या नाहीत. पण पेशंटला कळवणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"त्यांना कळवू नका," त्या म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता. "वाटलं तर मला आजच घरी पाठवा. पण त्यांना नका कळवू."

मॅडमचा नाइलाज होता. सिस्टरांचं त्या रेकॉर्डवरचं दार बंद केलं आणि सटाण्याला जायचं काम माझ्या गळ्यात आलं.

सोमवारी एसटीनं निघालो. देवळा गाव मागं टाकलं तोवर मी मनात दहा वेळा सगळं घोळवलं होतं. समोरचा माणूस भडकला तर काय? भडकणारच. कोणीतरी तिकडे नाशकात बसून माझं वजन-काटा बघतंय म्हटल्यावर मीही भडकलो असतो. सेंटरमध्ये पोचलो तर दौलत अहिरे मशीनवर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. वाळलेल्या अंगाचे, डोक्यावर पांढरी टोपी, डाव्या हाताला नळ्या लावलेल्या आणि उजव्या हातानं बागूलला काहीतरी दटावणं चाललेलं. मी ओळख सांगितली आणि घसा खाकरून सुरुवात केली.

"नाना, एक गंभीर बाब आहे. तुमचं रेकॉर्ड आमच्या नाशिकच्या एका नर्सनं तुमच्या परवानगीशिवाय..."

"मंदा पाहस," नाना म्हणाले. "माले माहीत शे."

मी बागूलकडे बघितलं. बागूल पायांकडे बघत म्हणाला, "साहेब, रेकॉर्ड उघडलं की खाली दिसतं ना, आधी कोणी पाहिलं ते. दर वेळी मंदाकिनी अहिरे, नाशिक. मी एकदा सहज विचारलं, नाना, ह्या कोण तुमच्या? नाना म्हणाले, कोणी नाही. मग मशीनकडे बघत म्हणाले, लिही, आज भाकरी दीड खाल्ली."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. शेवग्याच्या शेंगा. चाळीतला कांदा. ओरडू नये.

"बहीण शे ती मन्ही," नाना म्हणाले. माझ्यासाठी ते मराठी बोलायचा प्रयत्न करत होते आणि मधूनमधून घसरत होते. "धाकटी. मला पहिल्यांदा साखर निघाली ना, तेव्हा फक्त तिला सांगितलं. नर्स ती. म्हटलं, घरात बोलू नको, पोरीची सोयरीक चालू आहे. लोक म्हणतील बापाला रोग, उद्या पोरीला होईल. हिनं दुसऱ्याच दिवशी तिच्या वहिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन लावला. वहिनीनं विहिरीवर सांगितलं. विहिरीवर गेलं म्हणजे मग काय राहिलं?"

"सोयरीक मोडली?"

"नाही हो, झालं लग्न. पण तेव्हा माझं डोकं फिरलं. भर अंगणात बोललो तिला. माझं दुखणं तू गावभर केलं, आता ह्या दारात पाय ठेवू नको." त्यांनी टोपी सारखी केली. "तिनं ठेवला नाही."

मशीनची चाकं फिरत होती. मला 'कोणाचं दुखणं, कोणाच्या तोंडी' आठवलं आणि तो हिरवा पडदा आठवला. आम्ही त्याला विक्षिप्तपणा म्हणून हसत होतो.

"आणि खरं सांगू का साहेब? तिनं सांगितलं म्हणून घरच्यांनी मला दवाखान्यात ओढत नेलं. नाहीतर मी कुठला जगतो?"

"मग हे तिला बोललात का कधी?"

"कसं बोलू?" नाना माझ्यावरच खेकसले. "मोठा भाऊ शे मी!"

मग बागूलनं सांगितलं, की एका गुरुवारी लाईट गेली म्हणून डायलिसिस पुढं ढकललं, तर नाशकाहून एका बाईचा फोन. सेंटर चालू आहे ना, सगळे पेशंट बरे आहेत ना, एवढंच विचारलं. नाव विचारलं तर म्हणाली, "तुले काय करनं शे?" आणि ठेवून दिला.

नाना पोट धरून हसले. नळ्या हलतील म्हणून बागूल ओरडला. मलाही हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे का भरले ते कळेना.

"नाना, आता कामाचं विचारतो," मी कागद काढला. "तुम्हाला तक्रार करायचीय?"

"करायची शे."

मी पेनाचं टोपण काढलं.

"लिहा. बहीण इतकी वर्षं चोरून पाहते, पण एकदा तोंडावर येऊन विचारत नाही, नाना कसा आहेस. ही माझी तक्रार."

ती तक्रार कोणत्याच नियमात बसत नव्हती, म्हणून मी दुसरा कागद काढला. पेशंटनं लेखी परवानगी दिली तर त्याचा नातेवाईक त्याचं रेकॉर्ड उघडपणे पाहू शकतो. नानांनी सही ठोकली. मी निघालो तर त्यांनी मला थांबवलं आणि बागूलला म्हणाले, "लिही रे. पेशंटचं म्हणणं. आखाजीला घरी आमरस करणार. पेशंटला वाटीभर चालतो का नाही, ते कोणीतरी घरी येऊन सांगावं."

बागूलनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शब्दन् शब्द लिही."

नाशकात परत आल्यावर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा नाक पुसलं आणि एसी जास्त आहे म्हणाल्या. पण आधी नियम मोडला होता, तेव्हा शिक्षा देणं भाग होतं. लेखी समज दिली, आणि गोपनीयतेचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं असा आदेश काढला. अडचण एवढीच, की आमच्याकडे ते प्रशिक्षण देणारी व्यक्ती एकच, अहिरे सिस्टर. आदेश म्हणजे आदेश. त्यांनी स्वतःला प्रशिक्षण दिलं. हजेरीवर आधी शिकणारी म्हणून सही केली, मग शिकवणारी म्हणून केली, आणि फळ्यासमोर उभं राहून रिकाम्या बाकांना ठणकावून सांगितलं, की ओळखीचा माणूस असला म्हणून रेकॉर्ड उघडायचं नसतं.

मी परवानगीचा कागद घेऊन वॉर्डात गेलो. रेकॉर्ड बंद झाल्यापासून सिस्टर सोमवार-गुरुवारच्या दुपारी उगाच चादरी मोजत बसायच्या, असं मुलींनी सांगितलं होतं. त्या दिवशीही चादरीच मोजत होत्या. मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावला आणि सहीवर बराच वेळ नजर ठेवली.

"स्वतः केली?"

"माझ्यासमोर."

"हात कापत होता?"

"अजिबात नाही. बागूलला दटावत होते."

त्यांनी मान हलवली. मग इकडे तिकडे बघून, हळू आवाजात, फक्त माझ्यापुरतं म्हणाल्या, "आता पेशंटचीच परवानगी आहे, तर सांगायला हरकत नाही. नाना माझा भाऊ आहे."

"हो का?" मी म्हणालो. "मला वाटलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. कॉम्प्युटरपाशी गेल्या, डोकं आत घातलं, पडदा ओढून घेतला. पासवर्डची टकटक झाली. मग काहीच ऐकू येईना. मी जायला हवं होतं, पण पाय निघेना. हिरवं कापड जरासं हललं. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. वॉर्डातल्या पोरी हातातली कामं सोडून त्या कडक इस्त्रीच्या पाठीकडे बघत होत्या.

"ओ रेकॉर्डवाले," आतून आवाज आला. "आहात का गेलात?"

"आहे."

"आखाजीच्या ड्युटीला यंदा दुसरं कोणीतरी बघा म्हणावं."

"सांगतो."

मग अगदी हळू, जणू आमच्या कोणाला विचारायचंच नव्हतं अशा आवाजात, "सटाण्याची गाडी आता कुठून सुटते हो?"

माझी आपली सवय. मी विचारून बसलो, "का, कोणाला जायचंय?"

"पडदा!"

मी निमूट भिंतीकडे तोंड केलं आणि त्या हात धुण्याच्या चित्राला सांगितलं, "जुन्या स्टँडवरून. सकाळची पहिली पकडा, ऊन लागत नाही."